विहिरीत सोडलेले शब्द

नांदेडच्या आमच्या गल्लीत टँकर यायला लागला की उन्हाळा सुरू झाला, असं मी समजते. पंचांग काय म्हणतं ते पंचांगापाशी राहू दे. टँकरचा हॉर्न वाजतो, बायका प्लॅस्टिकच्या रंगीत घागरी घेऊन धावतात, पाइपावरून भांडणं लागतात, आणि मी गॅलरीत उभी राहून उगाच एकेकीकडे बघत राहते. कुणाचा चेहरा फार लाल तर झाला नाही ना, बोलता बोलता कुणी गप्प तर झालं नाही ना. नवरा म्हणतो, "तुला कशाचीही भीती वाटते." खोटं नाही ते. मी मुळातच भित्री. पाल, वीज, फोनची उशिरा वाजलेली घंटा, सगळ्यांना घाबरते. पण बोलता बोलता गप्प झालेल्या माणसाची भीती निराळी. ती मला एका ठरावीक वर्षी लागली, आणि तिच्यासोबत इंग्रजी भाषाही लागली.

लातूर जिल्हा झाला, तेच ते वर्ष. आमचं गाव औसा आणि निलंग्याच्या मधलं, तेरणा नदीपासून जवळ. तोवर आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. जिल्हा झाल्याचे पेढे गावात वाटले गेले आणि त्याच पावसाळ्यानं पाठ फिरवली. ज्वारी हातभर वाढली आणि तिथंच वाळली. माझे वडील, म्हणजे अप्पा, मोठे आशावादी. "जिल्हा जवळ आला, आता पानी बी जवळ येतंय बघ," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. मी तेव्हा सहावीत होते. शाळेत सवयीनं जुना जिल्हा लिहिला की गुरुजी खोडायला लावत. घर होतं तिथंच, बाभळ होती तिथंच, आणि आपण मात्र दुसरीकडेच राहायला लागलो, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मला त्याचीही भीती वाटायची.

माझी मोठी बहीण महानंदा. आमच्याकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. अक्का दहावीला होती. आमच्या भागात दहावी म्हणजे इंग्रजीचा पेपर. बाकीचे विषय नुसते सोबतीला. वर्षानुवर्षं पोरं गणितात, इतिहासात सुटायची आणि इंग्रजीत अडकायची. अडकलेला मुलगा शेतात जायचा आणि अडकलेल्या मुलीचं काय व्हायचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. अक्काला लातूरच्या कॉलेजात जायचं होतं. अप्पा म्हणाले होते, "इंग्रजीत सुटलीस तर धाडतो." एवढं ऐकून ती कामाला लागली होती.

तिला इंग्रजी शिकवायला हमीद सर होते. हैदराबादला शिकलेले, अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलण्यात दखनी आणि मराठी एकमेकांत कालवलेली. वर्गात आल्या आल्या म्हणत, "इंग्रजीला घाबरू नका. इंग्रजी सोताच लई घाबरलेली भाषा हाय." आणि मग शब्दांची यादी फळ्यावर न लिहिता ते गोष्ट सांगायला लागत. उत्तरेच्या बर्फाळ मुलखातून लांबट नावा घेऊन माणसं येत. नावेच्या तोंडाला कोरलेलं अजगराचं डोकं. समुद्रकाठच्या मठातली घंटा वाजायच्या आत मठ लुटलेला असे. ते व्हायकिंग. दर उन्हाळ्याला येत, लुटत आणि परत जात. मग एका वर्षी ते परत गेलेच नाहीत. तिथंच त्यांनी जमीन धरली, नांगर धरला, तिथल्याच पोरींशी लग्नं केली. ज्यांच्या नावानं लेकरं दारामागं लपत होती, त्यांचीच लेकरं त्या घरांत रांगायला लागली. आणि त्यांचे शब्द इंग्रजीत राहून गेले. नाइफ त्यांचा. एग त्यांचा. लेग, स्किन, लॉ, अँगर, सगळे त्यांचे.

"पहिले चाकू घेऊन आले," सर म्हणत, "मंग त्याच चाकूनं कांदा कापला. आपला चाकू बी बाहेरूनच आलेला हाय. कायदा बी. तुमचा नवा जिल्हा बी."

अक्का हे सगळं घरी येऊन मला सांगायची. सांगितल्यानं पाठ होतं, असं तिचं म्हणणं. तिचं पाठ व्हायचं आणि माझी झोप जायची. आमच्यापैकी कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. माझ्या मते जगातलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातली तेरणा, आणि तीसुद्धा त्या वर्षी नुसती वाळू होती. तरी त्या वाळूतून चालताना मी मागं वळून बघायची, लांबट नाव ओढत नेल्याची खूण कुठं दिसते का.

आमची आई, अव्वा, चुलीपुढं बसून हे ऐकायची. निजामाच्या शेवटच्या वर्षी लहानपणी ती गावच्या बायकापोरांबरोबर उभ्या ज्वारीत लपून राहिली होती, एवढंच आम्हाला माहीत होतं. बाकी काही ती सांगत नसे. एकदा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "घोड्यावर आलते का ते?"

"न्हाई अव्वा, नावंत."

"मंग पानी असंल तिथंच जाणार. आपल्याकडं कशाला मरायला येतेत," असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली. आम्ही हसलो. अव्वा हसली नाही.

अक्काचे लाडके शब्द दोन. एक विंडो. सरांनी सांगितलं होतं की त्या लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. दुसरा स्काय. स्काय म्हणजे आभाळ हे पेपरापुरतं. त्या लोकांच्या तोंडी त्याचा अर्थ होता ढग. त्यांच्या मुलखात आभाळ म्हणजे ढगच असणार. अक्का अंगणात उताणी पडून आमचं कोरडं ठणठणीत आभाळ बघायची आणि म्हणायची, "त्यांनी आपलं आभाळ बघितलं असतं तर त्याला नावच ठेवता आलं नसतं." तिला असलं काहीतरी सुचायचं. मला फक्त भीती सुचायची.

थंडी सरली तशी मळ्यातली विहीर तळाला गेली. पोहऱ्याला पाणी लागेना. खडकातल्या एका भेगेतून जरा जरा पाणी झिरपायचं, ते वाटीनं घागरीत भरायचं आणि घागर वर ओढायची. त्यासाठी कुणीतरी खाली उतरायचं. घरात जो सगळ्यात हलका, तो उतरणार, अशी आमच्याकडची रीत. खरी हलकी मी. पण मी काठावरून खाली बघितलं तरी थरथर कापायची. म्हणून अक्का उतरायची. दोराला आम्ही सोल म्हणतो. कप्पीवरून सोल टाकायचा, तो अक्काच्या काखेखालून बांधायचा आणि दोघीतिघींनी मिळून तिला हळूहळू खाली सोडायचं.

तिच्या आधी खाली जायचा तो कंदील. कोरड्या विहिरीत वाईट हवा बसते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पेटता कंदील तळापर्यंत सोडायचा. तो विझला तर माणूस सोडायचा नाही. जळत राहिला तर निर्धास्त. कंदील मग खालीच अक्काजवळ राहायचा, उजेडालाही बरा. दुसरा नियम असा, की उतरलेल्या माणसानं बोलत राहायचं. कुणी अभंग म्हणे, कुणी नुसतं "हाय, हाय" करत राही. अक्काचा आवाज भसाडा, आणि परीक्षा तोंडावर आलेली. तिनं शब्दांचा कागद माझ्या हातात दिला. "तू वरून शब्द टाक, मी खालून अर्थ देते. पानी बी भरंल, अभ्यास बी व्हईल."

तिसरा नियम एकट्या अव्वाचा. तळाला पोचल्यावर बाकीच्या बाया सोल सोडून ठेवायच्या, वाकायला अडचण नको म्हणून. अव्वा सोडू द्यायची नाही. काकू तिला चिडवायची, "दावणीला बांधल्यावानी बांधतीस की पोरीला." अव्वा म्हणायची, "बांधतेच."

अशी माझी इंग्रजीची शाळा विहिरीच्या काठावर भरली. पाचवीत मुळाक्षरं गिरवून झाली होती, तेवढ्याच भांडवलावर मी अडखळत शब्द वाचायची. शब्द खाली जायचा, भिंतींवर आपटत मोठा व्हायचा, आणि खालून अर्थ यायचा. वाटी खडकाला घासल्याचा खर्र खर्र आवाज मध्ये मध्ये. थोड्या थोड्या वेळानं अक्का मान वर न करता विचारायची, "सुमे, वर हायस न्हवं?" मी म्हणायची, "हाव, हाय." तेवढ्यानं तिचं भागायचं. माझं भागायचं नाही. वरून ती एवढीशी दिसायची, आणि मला वाटायचं, मी पुढचा शब्द विचारला नाही तर ती तिथंच राहून जाईल. अक्का कधी चुकायची नाही. शब्द उलटेपालटे करून विचारले तरी नाही. मी मुद्दाम घाईघाईनं विचारायची, एकदा तरी चुकावी म्हणून. तेव्हा मला ती चुकायला हवी होती.

त्या दिवशी गावातली सगळी बाप्येमंडळी ट्रक करून लातूरला गेली होती. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत टँकरसाठी अर्ज द्यायचा होता. अप्पांनी ठेवणीतलं धोतर काढलं होतं. आमच्या काकांचं तेलाचं इंजन विहिरीतच होतं. पाणी खाली गेलं तसं ते खाली खाली उतरवून खडकाच्या टप्प्यावर बसवलेलं. निघायच्या आधी बैलांना निदान तोंड ओलं करायला मिळावं म्हणून काकांनी ते चालू केलं. ते थोडं खोकललं, चिखल ओकलं, आणि काकांनी ते बंद केलं. ट्रकचा हॉर्न वाजला आणि ते पळाले.

ऊन वर आल्यावर आम्ही विहिरीवर गेलो. अव्वा, काकू, अक्का आणि मी. डिझेलचा वास होता, पण तो त्या विहिरीला नेहमीचाच. कंदील सोडला. छान जळत होता. ज्योत सरळ, जराही फडफडली नाही. काकू म्हणाली, "देवळातल्यावानी जळून राहिलाय." अक्का उतरली.

"एग?"

"अंडं."

"लेग?"

"पाय."

"विंडो?"

"वाऱ्याचा डोळा. पेपरात खिडकी लिहायचं."

पहिली घागर वर आली. अव्वानं ती सावलीत ठेवली, तोंडाला फडकं बांधलं. मी पुढचे शब्द टाकत गेले. अर्थ येत होते, पण जरा रेंगाळून. मला वाटलं, थकली असेल. ऊन तर वरही मी म्हणत होतं.

"नाइफ?"

वाटीचा आवाज थांबला. मग खालून आलं, "खिडकी."

मी हसले. इतक्या दिवसांनी सापडली एकदाची, असं वाटून हसले. "अक्का, नाइफ. नाइफ म्हणाले मी."

"हाव," ती म्हणाली. "खिडकी."

आवाज तिचाच होता, पण झोपेत बोलल्यासारखा. काकू म्हणाली, "चुकली असंल गं, परीक्षा आली की डोकं भरून जातंय." अव्वानं वाकून खाली बघितलं. "कंदील तर जळून राहिलाय की," ती म्हणाली. जळत होताच. अक्काच्या पायाशी, शांतपणे.

"स्काय?" मी ओरडले. "अक्का, मी वर हाय. स्काय?"

काही आलं नाही. माझाच शब्द विहिरीत फिरून माझ्याकडे परत आला.

"अव्वा," मी म्हणाले, "अक्का चुकली."

अव्वाला अक्षर येत नव्हतं. नाइफ म्हणजे काय आणि खिडकी म्हणजे काय, तिला सगळं सारखंच. पण आपली ही पोरगी चुकत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. कोणता शब्द, हेसुद्धा तिनं विचारलं नाही. तिनं सोल धरला. "वड," ती काकूला म्हणाली. "कंदील गेला खड्ड्यात. वड."

त्या ओढण्याबद्दल मला नीट लिहिता येत नाही. अंग आठवतं, क्रम आठवत नाही. तळहात सोलून निघालेले. कप्पीची करकर. काकू रडत होती आणि ओढत होती. अव्वा रडत नव्हती. शेजारच्या वावरातल्या दोन बाया धावत आल्या आणि त्यांनी मागून सोल धरला. अक्का वर येत होती ती मान टाकून, खडकावर खांदा आपटत, आणि मला एकच भीती होती की गाठ सुटेल. गाठ अव्वानं मारलेली होती. ती सुटली नाही.

बाभळीखाली तिला निजवलं. अव्वानं सावलीतली घागर उचलली आणि वाटी वाटीनं भरलेलं ते सगळं पाणी तिच्या तोंडावर ओतलं. त्या वर्षी माणसं चूळसुद्धा जपून भरत होती. अक्का ओकली. मग तिनं डोळे उघडले, सरळ वर बघितलं आणि म्हणाली, "ढग."

सगळ्या बायांनी माना वर केल्या. काकूनं तर डोळ्यांवर हात धरला. "कुठं गं?" ती म्हणाली. आभाळ पांढरंफटक होतं, चिंधीएवढाही ढग नव्हता. ती माझ्या 'स्काय'चं उत्तर देत होती, हे मला एकटीला कळलं होतं, आणि मला सांगता येत नव्हतं. हुंदक्यांनी माझी दातखीळ बसली होती.

औशाच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की इंजनाच्या धुरात एक विषारी हवा असते. तिला वास नाही, रंग नाही. माणूस तिच्यात गुंगत जातो आणि दिवा मात्र खुशाल जळत राहतो. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांचा कंदिलावर विश्वास. तो विश्वास इंजन यायच्या आधीचा होता, आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. संध्याकाळी अप्पा आनंदात परतले; अर्ज मंजूर झाला होता. ऐकल्यावर ते काठावर जाऊन बसले, तसेच, ठेवणीतल्या धोतरानं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि काकांनी इंजन विहिरीतून वर काढलं. टँकर आला तो त्यानंतर काही दिवसांनी.

हमीद सर घरी येऊन गेले. अक्काच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसले आणि काही शिकवलं नाही. जाताना मला म्हणाले, "तू लई चांगली मास्तरीण हायस. चूक ऐकू आली तुला." हे माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र, आणि ते मिळाल्याच्या रात्रीपासून मी दचकून उठायला लागले. यादीत डाय, म्हणजे मरणं, हाही शब्द होता, व्हायकिंगांचाच. तो मी परत कधी विचारला नाही.

अक्का इंग्रजीत सुटली. नुसती सुटली नाही, केंद्रात पहिली आली. लातूरला शिकली आणि मुखेडच्या शाळेत इंग्रजीची बाई झाली. मुखेडच्या कोरडवाहू गावांतली कितीतरी पोरं व्हायकिंगांना घाबरत घाबरत इंग्रजीत पास झाली. निवृत्त झाल्यावर ती लातूरला मुलाकडे राहायला आली. मी लग्न होऊन नांदेडला. माझी भीती मात्र कुठं गेली नाही. ती त्या लांबट नावांतून आलेल्या लोकांसारखीच वागली. पहिल्यांदा उन्हाळ्या-उन्हाळ्यात यायची आणि जायची. मग राहिलीच. तिनं माझ्यात जमीन धरली, आणि आता ती माझ्याच चुलीवर स्वयंपाक करते.

एवढ्या वर्षांत आम्ही बहिणींनी फोनवर कधी "हॅलो" म्हटलेलं नाही. रोज सकाळी मी फोन लावते आणि शब्द टाकते. ती अर्थ देते. मग सून कशी, गुडघे कसे, नळाला पाणी आलं का. तिच्या मुलाला वाटतं, दोघी म्हाताऱ्या पोरकटपणा करतात. वाटू दे त्याला.

या उन्हाळ्यात, गल्लीत पहिला टँकर आला त्याच आठवड्यात, मी विचारलं, "नाइफ?"

ती थांबली. खाली गल्लीत हॉर्न वाजत होता. मग ती म्हणाली, "खिडकी."

मला वाटलं, थट्टा करते आहे. आम्ही त्या दिवसाची थट्टा कधीच केलेली नाही, तरी मला तसं वाटून घ्यायचं होतं. मी पुन्हा विचारलं. ती वैतागून म्हणाली, "सांगितलं की खिडकी. आन् तू कोण बोलून राहिलीस?"

मी मिळेल ती एसटी धरली. अहमदपूर, चाकूर, दोन्हीकडे काळी रापलेली वावरं, तळ दिसणारे तलाव. तळहात नुकतेच सोलल्यासारखे हुळहुळत होते. अक्काच्या घरी पोचले तेव्हा भाचा दारातच भेटला. म्हणाला, "मावशी, डॉक्टरला दाखवलंय. विसरायची सुरुवात हाय. हळूहळू वाढंल म्हणालेत." तो फार शांतपणे बोलला. त्याच्या मागं स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती, देवापुढं दिवा लावलेला होता, सगळं घर नीट चाललं होतं. मी त्या दिव्याकडे बघितलं आणि मला ओरडावंसं वाटलं.

अक्का खिडकीशी पलंगावर बसली होती. केस नीट विंचरलेले, नेसणं चोख. मला बघून तिनं ओळखीचं हसू हसलं, पण नाव घेतलं नाही. मी जवळ बसले. या विहिरीत सोडायला सोल नाही, आणि गाठ मारायला अव्वा नाही. माझ्याजवळ शब्दच तेवढे. मग मी तेच केलं. हळू आवाजात एकेक टाकत गेले. एग. लेग. काहींचे अर्थ आले, काहींचे आले नाहीत, काहींचे भलतेच आले. मी एकही दुरुस्त केला नाही. पूर्वी मला चुकीची भीती वाटायची. आता चुकीचं का होईना, उत्तर आलं की मी श्वास सोडत होते.

मध्येच ती गप्प झाली. बाहेर उन्हाकडे बघत राहिली. मला पुढचा शब्द सुचेना, यादी तोंडपाठ असून सुचेना.

तेवढ्यात मान न वळवता, तिच्या त्या भसाड्या आवाजात ती म्हणाली, "सुमे, वर हायस न्हवं?"

"हाव अक्का," मी म्हणाले. "हाय. वरच हाय."

तिनं मान डोलावली, आणि मी तिला पुढचा शब्द विचारला.